एका शेतकरी पित्याचे जीवन व मरण

(कुटुंबाविषयी पाठ. प्रथम वाचावे: अनुवाद ६:४-९; नीतिसूत्रे २२:६; इफिसकरांस पत्र ६:१-४.)

शास्त्रातील कुलपित्यांची चरित्रे आपण वारंवार वाचतो. अब्राहाम, इसहाक व याकोब हे काही राजवाड्यात वाढलेले पुरुष नव्हते. ते तंबूत राहत, गुरेमेंढरे पाळीत. विहिरींवरून शेजाऱ्यांशी त्यांचे तंटे होत. दुष्काळ पडला म्हणजे मुलाबाळांस घेऊन त्यांस देश सोडावा लागे. तथापि पुष्कळ खेडवळ बंधूंच्या मनात अशी समजूत असते की, ते फार प्राचीन काळचे थोर लोक होते, त्यांच्याशी देव बोलत असे, त्यांचे कळप मोठे होते. आम्ही दुसऱ्याची जमीन खंडाने करणारे, आम्हांस त्यांचा कित्ता कसा गिरवता येईल? ह्या शंकेचे निरसन व्हावे म्हणून आज आम्ही अशा एका घरधन्याची हकीकत सांगणार आहो की ज्याच्यापाशी कळप नव्हता, वतन नव्हते व ज्याला एकही दृष्टांत झाला नाही. तो जन्मभर कूळ म्हणून राबला आणि कज्जेदलालीत खंगून मेला. परंतु त्याने घर कसे चालविले हे सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी जगास ठाऊक आहे.

त्याचे नाव विल्यम बर्नेस. तो स्कॉटलंड देशचा राहणारा. ह्याच देशातून १८२३ साली मिशनरी येऊन त्यांनी कोकणात बाणकोट येथे काम आरंभिले, म्हणून त्या देशाचे नाव आपल्या मंडळ्यांस परके नाही. विल्यम बर्नेस ह्याचा वडील मुलगा रॉबर्ट बर्न्स हा त्या देशाचा सर्वांत आवडता कवी झाला, आणि त्यामुळेच बापाची माहिती टिकून राहिली. ही माहिती मुख्यत्वे तिघांनी लिहून ठेवली: स्वतः रॉबर्टने, त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट ह्याने, आणि त्या मुलांचे शिक्षक जॉन मर्डॉक ह्यांनी. धाकटी बहीण इझाबेला हिनेही म्हातारपणी पुष्कळ आठवणी सांगितल्या.

१. घर सोडून जाणे

विल्यमचा जन्म १७२१ साली स्कॉटलंडच्या ईशान्येकडील किंकार्डिनशायर प्रांतात क्लॉख्नाहिल नावाच्या शेतावर झाला. त्याचा बाप शेतकरी होता, पण त्याजवर वाईट दिवस आले व घर विस्कटले. १७४८ साली विल्यम व त्याचा एक भाऊ पोटासाठी बाहेर पडले. गावाकडील टेकडीच्या माथ्यावर दोघा भावांनी एकमेकांचा निरोप घेतला. कोठे जावयाचे हे कोणासच नीट ठाऊक नव्हते. त्या वेळी आपल्या जिवास किती यातना झाल्या हे विल्यम पुढे आपल्या मुलांस सांगत असे. पोटासाठी गाव सोडून मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणांनी आपल्या खेड्यांतील किती घरे पाहिली आहेत! त्या टेकडीवरचा प्रसंग समजावयास आम्हांस फार विवेचन नको.

विल्यम एडिंबरो शहरी गेला व तेथे बागांच्या कामावर त्याने मजुरी केली. काम कष्टाचे व मिळकत थोडी. तरी त्यातून शिल्लक टाकून त्याने म्हाताऱ्या बापाला एक बँकेची नोट पाठविली. गिल्बर्ट सांगतो की, त्या काळी त्यांच्या प्रांतात कागदी नोट इतकी दुर्मिळ होती की, ती हाती पडल्यावर तिचे काय करावे हे घरच्यांस कळेना! ह्या गोष्टीचे हसू येते. परंतु तीत एक गंभीर अर्थ आहे. जो पुढे उत्तम पिता झाला तो अगोदर उत्तम पुत्र होता. आईबापांस मान द्या ही आज्ञा त्याने दूर देशी, कोणी पाहत नसता पाळली.

२. मातीचे घर

सन १७५० मध्ये तो पश्चिमेकडील एअरशायर प्रांतात आला. तेथे मोठ्या लोकांच्या बागांत माळीकाम करता करता त्याने अ‍ॅलोवे नावाच्या खेड्यात सात एकरांहून थोडी अधिक जमीन कायम भाड्याने घेतली. तीत भाजीपाल्याचा मळा करावा असा त्याचा बेत होता. त्या जमिनीवर त्याने आपल्या हातांनी मातीच्या भिंतींचे व गवताने शाकारलेले एक घर बांधले. माणसांच्या खोल्या व गुरांचा गोठा एकाच आढ्याखाली. आपल्या खेड्यांतील घरांहून ते फार निराळे नव्हते.

१७५७ च्या डिसेंबरात ॲग्नेस ब्राऊन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीशी त्याने लग्न केले. त्या वेळी तो ३६ वर्षांचा होता व ती २५ वर्षांची. ॲग्नेसला थोडे वाचता येत असे, परंतु स्वतःचे नावही लिहिता येत नसे. तरी तिच्या तोंडी जुनी गाणी पुष्कळ होती, आणि मुलगा कवी झाला त्यात त्या निरक्षर आईचा वाटा लहान नाही. बापाची कीर्ती सांगताना आईस विसरणे हा आम्हां पुरुषांचा जुना दोष आहे. म्हणून हे येथे मुद्दाम नमूद करतो.

२५ जानेवारी १७५९ रोजी त्यांचा पहिला मुलगा रॉबर्ट जन्मला. तो काही दिवसांचा होतो न होतो तोच मोठे वादळ सुटले आणि घराची एक बाजूची भिंत ढासळली. बाळंतिणीस व बाळास उचलून शेजाऱ्याच्या घरी न्यावे लागले. विल्यमने भिंत पुन्हा उभारली. तेच घर आजही अ‍ॅलोवे येथे जतन करून ठेवलेले आहे. पुढे विल्यमला आणखी सहा मुले झाली. चार मुलगे व तीन मुली असा तो परिवार होता.

३. बापाने शाळा आणिली

रॉबर्ट सहा वर्षांचा झाला तेव्हा गावात चांगली शाळा राहिली नव्हती. विल्यमने रड गायिली नाही, किंवा मोठे लोक काही करतील म्हणून वाटही पाहिली नाही. त्याने चार शेजाऱ्यांस एकत्र केले आणि १७६५ साली जॉन मर्डॉक नावाच्या १८ वर्षांच्या तरुण शिक्षकास आणविले. पगार सर्वांनी मिळून द्यावयाचा आणि शिक्षकाने पाळीपाळीने एकेका घरी जेवावे व राहावे, असा ठराव झाला. पाच गरीब घरे आणि एक शाळा! ज्या खेड्यात मंडळीची दहाबारा घरे आहेत व शाळा नाही, त्या खेड्यातील बंधूंनी ह्या गोष्टीचा चांगला विचार करावा.

मर्डॉक गेल्यावर शिक्षण थांबले नाही. दिवसभर नांगर धरून आलेला बाप रात्री मेणबत्तीच्या उजेडात मुलांस अंकगणित शिकवी. पुस्तके विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते, म्हणून त्याने ती मागून आणिली. एक भूगोलाचे पुस्तक उसने आणिले. एअर शहरातील एका वाचनसंस्थेकडून देवाच्या सृष्टीचे ज्ञान देणारी पुस्तके मिळविली. स्टॅकहाऊस नामक लेखकाचा पवित्र शास्त्राचा इतिहास छापून निघत होता, त्याचा तो वर्गणीदार झाला. १७७२ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट व गिल्बर्ट ह्यांचे अक्षर सुधारावे म्हणून त्यांस डॅलरिम्पल गावच्या शाळेत पाठविले. परंतु दोघेही एकदम गेले तर शेतीचे काम अडते, यास्तव एका आठवड्यात एकाने जावे व दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याने, अशी पाळी लाविली. काम बुडू नये आणि विद्याही बुडू नये, ह्या दोन्ही गोष्टी त्याने अशा रीतीने साधल्या.

सर्वांत मोठी शाळा मात्र शेताच्या बांधावर होती. गिल्बर्ट सांगतो की, काम करीत असता बाप आम्हांशी सर्व विषयांवर मोठ्या माणसांशी बोलावे तसे बोले, आणि ज्ञान वाढेल व वळण चांगले लागेल अशा विषयांकडे तो बोलणे हळूच वळवीत असे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांशी बोलण्याविषयी जे सांगितले आहे, ते ह्या मनुष्याने कुळव धरून पाळले. पुष्कळ घरी बाप मुलांशी दोनच प्रसंगी बोलतो, काम सांगताना व रागे भरताना. मग मुलगा मोठा झाल्यावर मनातील गोष्ट बापास का सांगत नाही म्हणून आम्ही आश्चर्य करितो!

४. प्रश्न विचारणारा मुलगा

विल्यमने आपल्या मुलांसाठी धर्मशिक्षणाची एक लहान पोथी स्वतः तयार केली. मर्डॉक ह्यांनी तिची भाषा शुद्ध करून ती उतरून दिली. ती १८७५ साली छापून प्रसिद्ध झाली. ह्या पोथीत एक विशेष आहे, तिकडे उपदेशक बंधूंनी अवश्य लक्ष द्यावे. नेहमीच्या प्रश्नोत्तरावलीत शिक्षक प्रश्न विचारतो आणि मुलाने पाठ केलेले उत्तर द्यावयाचे असते. येथे उलट आहे. मुलगा प्रश्न विचारतो व बाप उत्तर देतो. देव आहे हे कशावरून, शास्त्र खरे हे कसे ओळखावे, ह्या गोष्टी मुलगा धीटपणे विचारतो, आणि बाप न रागावता त्याचे समाधान करितो.

पाठांतर व्यर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरात मुलास प्रश्न विचारण्याची मोकळीक नाही, त्या घरातील विश्वास मुलाच्या जिभेवर राहतो, काळजापर्यंत पोहोचत नाही. परक्याने वादात एक शंका काढली की तो कोसळतो. वल्हांडणाच्या सणीही, मुले ह्या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा काय सांगावे, हे देवाने इस्राएलास आधीच शिकवून ठेविले होते. मुलांनी विचारावे हीच देवाची योजना आहे.

५. शिस्त व ममता

मर्डॉक ह्यांनी विल्यमविषयी लिहिले आहे की, तो मुलांस सन्मार्गावर हाकीत नसे, तर पुढे होऊन नेत असे. तो क्वचितच दोष काढी, म्हणून त्याने दोष काढला म्हणजे मुले धाकाने ऐकत. त्याची नापसंतीची नजर पुरे होई. चामड्याच्या वादीचा फटका नुसता अंगरख्याच्या टोकास लागला तरी मुलांस मनापासून दुःख होऊन ती मोठ्याने रडत. मार लागला म्हणून ती रडत नसत. बापाचे मन दुखविले म्हणून रडत. मर्डॉक ह्यांनी त्यास रागावलेला केवळ दोनदा पाहिला: एकदा सांगितल्याप्रमाणे शेताची कापणी केली नाही म्हणून मजुरांच्या मुकादमावर, आणि एकदा एक म्हातारा बीभत्स थट्टा करीत होता म्हणून त्याजवर.

ह्या धाकाच्या मनुष्याचे अंतःकरण किती कोमल होते ह्याची एक आठवण घरच्या लोकांनी सांगितली आहे. त्याची एक मुलगी रानात गुरे राखीत असे. बाप तिच्यापाशी जाऊन बसे व गवतांची आणि रानफुलांची नावे तिला शिकवी. आभाळ गडगडू लागले म्हणजे तर तो हटकून येई. कारण ती भिईल हे त्याला ठाऊक होते. कामाचा डोंगर पडला असता हातचे टाकून भ्यालेल्या मुलीजवळ बसावयास येणारा बाप! असा बाप ज्यास लाभला त्यास स्वर्गीय पित्याविषयी फार समजावून सांगावे लागत नाही.

तरी तो निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. रॉबर्टने १७८७ साली एका पत्रात लिहिले की, ताठ प्रामाणिकपणा व एकाएकी भडकणारा राग ह्यांमुळे बापास जगात वर येता आले नाही. आणखी तो लिहितो की, आपण सुमारे १७ वर्षांचे असता बापाची आज्ञा मोडून नाच शिकावयास गेलो, तेव्हापासून बापाच्या मनात आपणाविषयी अढी पडली. परंतु गिल्बर्टने हे वाचून म्हटले की, इतका दीर्घकाळ राग धरणे आमच्या बापाच्या स्वभावातच नव्हते. एकाच घरातील दोन भावांची ही साक्ष. बाप एकच, पण ज्याने आज्ञा मोडली त्याला त्याचा चेहरा कठोर दिसला, आणि ज्याने पाळली त्याला सौम्य दिसला. आपणही देवाकडे पाहतो तेव्हा पुष्कळदा असेच होते.

६. खंड, कर्ज व कज्जा

आता ह्या चरित्रातील दुःखाचा भाग सांगतो. मुले मोठी होऊ लागली तेव्हा विल्यमपुढे दोन वाटा होत्या. मुलांस दुसऱ्यांच्या घरी चाकरीस पाठवावे, किंवा मोठे शेत खंडाने घेऊन सर्वांस एकत्र ठेवावे. मुले लहान आहेत तोवर ती आपल्या नजरेखाली असावी, त्यांस बरेवाईट समजू लागेपर्यंत परक्या घरी जाऊ नये, म्हणून त्याने दुसरी वाट धरिली. आपल्या मालकाकडून १०० पौंड कर्ज काढून १७६६ साली तो मौंट ऑलिफंट नावाच्या ७० एकरांच्या शेतावर गेला. खंड पहिली सहा वर्षे दरसाल ४० पौंड व पुढे ४५ पौंड होता. जमीन निकस निघाली. गिल्बर्टने लिहिले आहे की, इतकी हलकी जमीन आपण क्वचितच पाहिली. कित्येक वर्षे घरात मांस शिजले नाही. गडी ठेवण्याची ऐपत नव्हती. रॉबर्ट तेराव्या वर्षी धान्य झोडू लागला आणि पंधराव्या वर्षी शेतावरचा मुख्य मजूर तोच झाला. संध्याकाळी त्याचे डोके दुखे. पुढे छातीत धडधड होऊ लागली. मालक १७६९ साली वारला आणि कारभाऱ्याच्या हाती सर्व गेले. त्याची धमकीची पत्रे आली म्हणजे घरातील सर्व माणसे रडू लागत.

१७७७ साली विल्यम टारबोल्टन परगण्यातील लॉखली ह्या १३० एकरांच्या शेतावर आला. एकरी २० शिलिंग, म्हणजे वर्षास १३० पौंड खंड. तो भारी होता, जमीन पाणथळ होती. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की कराराचा लेख झाला नाही. पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे मालक स्वतः पैशाच्या अडचणीत आला. खंड किती थकला व जमीन सुधारण्याचा खर्च कोणी सोसावयाचा ह्यावर १७८१ पासून तंटा लागला. पंच नेमले, त्यांचे एकमत होईना. १७८३ च्या मे महिन्यात मालकाने जप्ती आणिली. अखेरीस त्याच वर्षी मुख्य पंचाने निकाल दिला की, मालकाच्या मागणीतून विल्यमने केलेल्या सुधारणांबद्दल मोठी रक्कम वजा केली पाहिजे. खरे देणे सुमारे २३१ पौंडच आहे. मालक ऐकेना. प्रकरण एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयात गेले, आणि २७ जानेवारी १७८४ रोजी तेथेही निकाल विल्यमच्या बाजूने झाला.

तो खरा ठरला. परंतु तोवर त्याची गाठ संपली होती आणि क्षयाने देहही संपत आला होता. निकालानंतर तो केवळ सतरा दिवस जगला.

ह्यातून व्यवहाराचा एक बोध उघड आहे. ओळखीचा माणूस आहे, शब्द पुरे आहे, असे म्हणून लेखावाचून जमीन करू नये व कर्जही घेऊ नये. अब्राहामाने सारेला पुरण्यासाठी मकपेल्याचे शेत घेतले तेव्हा त्याने गावच्या वेशीत सर्वांदेखत रुपे तोलून दिले. अब्राहामाचा देवावर भरवसा नव्हता म्हणून नव्हे. तर भरवसा ठेवणाऱ्या मनुष्यानेही व्यवहार उघड व निश्चित करावा म्हणून.

७. मरण

१३ फेब्रुवारी १७८४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, विल्यम लॉखली येथे मरण पावला. त्या दिवसाची हकीकत इझाबेलाने सांगितली आहे. ती तेव्हा बारा वर्षांची होती. खोलीत ती व रॉबर्ट अशी दोघेच बिछान्याजवळ होती. ती रडत होती. बापास बोलण्याचे बळ उरले नव्हते. तरी त्याने कष्टाने तिचे समाधान केले आणि सद्गुणाच्या मार्गाने चालावे व वाईटापासून दूर राहावे असा बोध केला. मग थोडा थांबून तो म्हणाला की, आपल्या घरात एक जण असा आहे की ज्याच्या पुढील वर्तनाविषयी आपणांस भय वाटते. हे त्याने दुसऱ्यांदा म्हटले तेव्हा रॉबर्ट जवळ आला व विचारू लागला, बाबा, ते माझ्याविषयी म्हणता काय? म्हाताऱ्याने होय म्हटले. रॉबर्ट खिडकीकडे वळला. त्याच्या गालांवरून आसवे वाहत होती आणि हुंदका दाबताना त्याची छाती भरून आली होती.

वाचकहो, ह्या ठिकाणी आपण थोडे थांबू. ह्या पित्याने मुलांस जवळ ठेवण्यासाठी कर्ज काढिले, शाळा आणिली, रात्री जागून शिकविले, धर्माची पोथी लिहिली. आणि मरतेसमयी त्याच्या मनात सुख नव्हते, भय होते. ते भय खोटेही ठरले नाही. रॉबर्टच्या वर्तनात पुढे गंभीर दोष घडले. १७८६ साली त्यास मंडळीसमोर उभे राहून निषेध ऐकून घ्यावा लागला. तो १७९६ साली अवघ्या ३७ व्या वर्षी वारला.

मग बापाचे श्रम फुकट गेले काय? पुष्कळ आईबापे हा प्रश्न मनात धरून रात्री जागतात, म्हणून आम्ही त्याचे सरळ उत्तर देतो: नाही. नीतिसूत्रांतील वचन हे सावकाराच्या रोख्यासारखे नाही की, इतके शिक्षण दिले म्हणजे इतके व्याज मिळालेच पाहिजे. ती पेरणाराची आशा आहे. खुद्द इसहाकाच्या घरात याकोब व एसाव, दाविदाच्या घरात शलमोन व अबशालोम निपजले. बापाकडे पेरणे आहे. उगवणे त्याच्या हाती नाही. आणि जे पेरले ते रॉबर्टमध्येही मेले नाही. १७८५-८६ च्या हिवाळ्यात त्याने एका गरीब शेतकऱ्याच्या घरातील शनिवारच्या रात्रीवर एक कविता लिहिली. आठवड्याचे काम आटोपून मुले घरी येतात, भाकरी होते, मग बाप मोठे शास्त्र उघडून वाचतो, सर्व गुडघे टेकून प्रार्थना करितात, असे तीत वर्णन आहे. त्यातील बाप म्हणजे आमचाच बाप, असे गिल्बर्टने सांगितले. ज्या मुलाविषयी बापास भय वाटत होते, त्याच मुलाने बापाची कुटुंबप्रार्थना जगास ऐकविली. स्वतः वाट चुकलेला मनुष्यही चांगले घर कोणते हे विसरला नव्हता.

विल्यमच्या इच्छेप्रमाणे त्यास अ‍ॅलोवे येथील जुन्या पडक्या देवळाच्या आवारात पुरले. सात वर्षे ज्या शेतावर तो झगडला तेथे नव्हे, तर जेथे आपल्या हातांनी मातीचे घर बांधले त्या गावी. थडग्यावरील ओळी रॉबर्टने रचिल्या.

८. मागे राहिलेले घर

बाप गेला, पण घर फुटले नाही. तो जिवंत असतानाच, १७८३ साली, रॉबर्ट व गिल्बर्ट ह्यांनी जवळच मॉसगील नावाचे ११८ एकरांचे शेत खंडाने घेऊन ठेविले होते. कज्ज्यात सर्व गेले तर आई व भावंडे उघडी पडू नयेत म्हणून ही तजवीज होती. लॉखलीवर बाप ह्या दोघां मुलांच्या नावे दरसाल सात-सात पौंड मजुरी मांडीत असे. ती थकलेली होती. म्हणून बापाच्या मरणानंतर मुलांनी मजूर ह्या नात्याने आपले कायदेशीर येणे सांगितले आणि त्यातून थोडे वाचविले. घरच्या मुलांची मजुरीही हिशेबात मांडणारा हा बाप किती व्यवस्थित असेल! त्याच्या त्या वहीने त्याच्या मागे त्याच्या मुलांस भाकर दिली.

पुढे रॉबर्टच्या पुस्तकास पैसा मिळाला, तेव्हा त्याने सुमारे १८० पौंड गिल्बर्टला घर सावरण्यासाठी दिले. आई ॲग्नेस गिल्बर्टजवळ राहिली व १८२० साली, पतीच्या मागे सुमारे ३६ वर्षांनी, तिने देह ठेविला. दोन भावांपैकी एक जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे नाव थोड्यांस ठाऊक आहे. पण वृद्ध आईस अखेरपर्यंत आश्रय त्याच्याच घरी मिळाला. देवाच्या वहीत कोणाचे नाव वर आहे हे आम्ही ठरवीत नाही.

सारांश

ह्या चरित्रातून घरधन्याने चार गोष्टी घ्याव्या. पहिली, गरिबी हे मुलांस न शिकविण्याचे निमित्त नव्हे. शेजारी एकत्र आले तर शाळा येते, पुस्तक मागून आणिता येते. दुसरी, मुलांशी बोलावे व त्यांचे प्रश्न ऐकावे. धाक नजरेत असावा, हातात नसावा. तिसरी, जमीन, कर्ज व मजुरी ह्यांचा लेख ठेवावा. चौथी, पेरून झाल्यावर फळ देवाच्या हाती सोपवावे, आणि एखादे लेकरू वाट चुकले तरी त्याजविषयीची प्रार्थना मरणाच्या बिछान्यापर्यंत सोडू नये.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न

१. विल्यमने मुलांस चाकरीस न पाठविता जवळ ठेविले. त्यापासून नफा काय झाला व तोटा काय झाला? तुम्ही काय केले असते?

२. आपल्या गावी पाच घरे मिळून मुलांसाठी कोणते एक काम करू शकतील?

३. गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाने तुम्हांस देवाविषयी कोणता प्रश्न विचारला? विचारला नसेल तर का?

४. एकाच बापाविषयी दोन भावांचे मत निराळे का झाले?

५. सर्व प्रयत्न करूनही लेकरू वाट चुकले आहे, अशा आईबापांचे समाधान मंडळीने कसे करावे? लूक १५:११-३२ वाचून उत्तर द्या.